चरक आणि वस्तरा

फावल्या वेळीं घरच्या एखाद्या खोलींत बसून लांकूड कातावें, किंवा जुन्या बाजारांतून आणलेला गंजका वस्तरा घासूनपुसून पुन्हां धारेस आणावा, या उद्योगास आपल्याकडील शिकलेला गृहस्थ फार झालें तर निरुपद्रवी वेड म्हणेल. पत्ते कुटणें हा त्याच्या लेखीं विरंगुळा, आणि पटाशी हातीं धरणें म्हणजे सुताराच्या पोटावर पाय! युरोप-अमेरिकेंत मात्र या दोन छंदांचा परिवार मोठा आहे, आणि त्यांचा इतिहास त्याहूनही मोठा आहे. तो वाचतांना मला वारंवार असें वाटलें कीं, ज्यास आपण रिकामटेकड्यांचा खेळ म्हणतों त्यानें कारागिराची विद्या अनेकदां तारली आहे. आणि आपल्या देशांत अशी एक मोठी विद्या बुडाली याचें एक कारण, हा खेळ खेळणारीं माणसें आपल्यांत वेळेवर निघालीं नाहींत, हें आहे.

चरक म्हणजे येथें वैद्यराज नव्हेत, आणि उसाचा रस काढण्याचें यंत्रही नव्हे. कातारी ज्यावर लांकूड फिरवून त्यास गोल घडण देतो तें साधन. आजच्या बोलण्यांत लेथ. आपला जुना कातारी जमिनीवर बसे, दोन खुंट्यांमध्यें लांकूड अडकवी, आणि जोडीदार दोरी ओढूं लागला कीं हातापायांनीं हत्यार सांवरून धरी. दोरी एकदां इकडे, एकदां तिकडे; त्यामुळें लांकूड अर्धा वेळ उलटें फिरे व तेवढा वेळ हत्यार मागें घ्यावें लागे. युरोपांतील जुना चरकही याच जातीचा. फक्त तेथें दोरीचें वरचें टोंक एका लवचिक काठीस बांधीत आणि खालचें पायाखालच्या फळीस. कातण्याची खरी खुबी मात्र दोरींत नसून हत्याराच्या उतारांत आहे. पटाशीच्या धारेमागचा तिरपा भाग आधीं फिरत्या लांकडावर नुसता टेकवावा, मग मूठ हळूच उचलावी, म्हणजे धार आपण होऊन लांकडांत शिरते व साल फितीसारखी उलगडत येते. धार आधीं टेकविली कीं हत्यार उसळलेंच म्हणून समजावें. हें सांगावयास दोन वाक्यें पुरतात. हातास कळावयास महिने लागतात.

ही हाताची विद्या विस्तारानें ग्रंथांत उतरविली ती एका विरक्त पुरुषानें. शार्ल प्लुमिए (१६४६-१७०४) हा फ्रान्समधील मिनिम पंथाचा साधु. त्याचा कातकामावरील सचित्र ग्रंथ १७०१ सालीं निघाला. या साधूस दुसरा नाद वनस्पतींचा होता, व त्यापायीं तो वेस्ट इंडीज बेटांतून हिंडला. आपल्या देवळांच्या अंगणांत जो खुरचाफा फुलतो, त्याच्या जातीस शास्त्रज्ञांनीं प्लुमेरिया हें जें नांव दिलें तें याच कातारी साधूचें. ज्या झाडाचीं फुलें आपण रोज वेंचतों त्याच्या नांवांत चरकाचा घरघराट लपलेला आहे, हें कितीजणांस ठाऊक असेल?

राजेलोकांस तर चरकाचें विलक्षण वेड होतें. रशियाचा झार पीटर (१६७२-१७२५) याच्या पदरीं आंद्रेइ नार्तोव्ह नांवाचा यंत्रकार होता. त्यानें झारसाठीं बनविलेल्या चरकांत हत्यार माणसाच्या मुठींत नसून यंत्राच्याच पकडींत असे व ठरलेल्या मार्गानें सरके. या राजेशाही यंत्रांवर निघे काय, तर हस्तिदंती डब्या आणि नक्षीचीं पदकें! परंतु हत्यार यंत्राच्या हवालीं करण्याची तशीच युक्ति १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिरानें लोखंडी स्क्रू कातण्याच्या चरकास लावली, आणि तेथून यंत्रें घडविणाऱ्या यंत्रांचें युग सुरू झालें. कारखान्याचें बीज खेळण्यांत दिसावें, ही इतिहासाची थट्टा नव्हे काय?

फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा नाद निराळा. त्याला कुलपें करण्याची हौस. फ्रान्स्वा गामें हा कुलूपवाला त्याचा गुरु. राज्यक्रांतीच्या धामधुमींत राजानें या गुरूकडूनच त्युइलरीच्या वाड्याच्या भिंतींत एक लोखंडी चोरकपाट करविलें व गुप्त कागद त्यांत ठेविले. नोव्हेंबर १७९२ मध्यें गुरूनें जाऊन तें कपाट मंत्र्यास दाखविलें, त्यांतील कागद राजाच्या खटल्यांत पुढें आले, आणि २१ जानेवारी १७९३ रोजीं राजाचा शिरच्छेद झाला. छंदासाठीं इतकी मोठी दक्षिणा दुसऱ्या कोणा शिष्यानें दिली नसेल!

राजे गेले तरी छंद राहिला. लंडनमध्यें होल्ट्झाप्फेल घराण्यानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून सधन हौशी लोकांसाठीं नक्षीकामाचे चरक विकले, आणि १८४३ ते १८८४ या काळांत कातकामाचा पांच खंडांचा ग्रंथ काढला. लांकडें, हस्तिदंत, हत्यारें, धार लावण्याच्या रीति, सारें त्यांत आहे. धंदेवाईक कातारी हें सर्व जाणत होता, पण तो लिहीत नव्हता. लिहिलें गेलें तें हौशी गिऱ्हाइकाच्या गरजेमुळें.

वस्तऱ्याची कथा याहून आपल्या जवळची आहे. पूर्वीं वस्तरा ही नापिताच्या धोकटींतील वस्तु; गृहस्थाचें काम एवढेंच कीं मान पुढें करून गप्प बसावें. १७६९ सालीं झां-झाक पेरे या पॅरिसमधील चाकूवाल्यानें आपली दाढी आपणच कशी करावी, हें शिकविणारें पुस्तक लिहिलें. गृहस्थ स्वतः वस्तरा धरूं लागला तेव्हां त्याला पोलादाची पारख करणें प्राप्त झालें, कारण पोलादांतला दोष गालाला तत्काळ समजतो. तें चांगलें पोलाद इंग्लंडांत करून दाखविलें होतें तेंही एका घड्याळजीनें. बेंजामिन हंट्समन यास घड्याळाच्या कमानीसाठीं एकजीव पोलाद मिळेना, म्हणून त्यानें १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ बंद मातीच्या मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली.

मुशींतलें पोलाद दक्षिण हिंदुस्थानांत मात्र त्याच्या कित्येक शतकें आधींपासून होत होतें. लोखंडाचा तुकडा, तरवडाच्या वाळक्या लांकडाच्या ढलप्या आणि वर रुईचीं पानें, असें सारें एका लहानशा मुशींत भरीत, तिचें तोंड मातीनें लिंपीत, आणि भात्यानें फुंकून भट्टी पेटवीत. लांकूड-पानांतला कोळसा लोखंडांत मुरे व मूठभर पोलादाचा गोळा हातीं येई. कन्नडांत पोलादास उक्कु म्हणतात. त्याचेंच इंग्रजांच्या लेखणींत वूट्झ झालें असें बहुतेक विद्वान मानतात. कंपनीच्या नोकरींतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ च्या सुमारास या पोलादाचे नमुने मुंबईहून लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावर रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला, व त्याच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें ठोकून दिलें! मुशी पेटत होत्या त्या म्हैसूर, सालेम व तेलंगण या मुलखांत. मुंबई हें केवळ पाठविण्याचें बंदर.

लंडनमध्यें जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेचीं हत्यारें व वस्तरे करणारा कारागीर या पोलादावर लुब्ध झाला. त्यास पुढें जोडीदार मिळाला तो मायकेल फॅरडे, लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीचा एके काळचा उमेदवार. वूट्झच्या गुणांचें मूळ शोधतां शोधतां दोघांनीं पोलादांत चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातु मिसळून पाहिले व १८२० आणि १८२२ सालीं निबंध प्रसिद्ध केले. पांचशें भाग पोलादास एक भाग चांदी, हें त्यांचें एक प्रमाण. फॅरडे आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. त्या प्रयोगांतील नमुन्यांची एक लांकडी पेटी मागें राहिली होती. तिच्यांतील एकूणऐंशी तुकडे सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं तपासून १९३१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. मिश्र पोलादाच्या शास्त्राचा एक आरंभ असा वस्तऱ्याच्या धारेवर झाला.

हें वाचतांना मन विषण्ण होतें. मूस भरणारे हात आपले होते. शब्द घडविणारी, ग्रंथांवर भाष्यें रचणारी बुद्धीही आपलीच होती. परंतु जो मूस भरी त्यास अक्षर येत नव्हतें, आणि ज्यास अक्षर येई तो मुशीजवळ जाण्यास तयार नव्हता. जातीनें दोघांमध्यें भिंत घातली होती. परकी राजवटीनें आपले धंदे मारले हें खरेंच आहे, व त्याबद्दल तिला दोष द्यावयासच हवा. पण धंदा मेला तरी त्याची कृति कागदावर राहूं शकली असती. ती राहिली ती बहुतांशीं परक्या प्रवाशांच्या टिपणांत.

विलायतेंतही वस्तऱ्यावर पुढें संकट आलेंच. जिलेट यांच्या कंपनीनें १९०३ सालीं अवघे ५१ नवे वस्तरे व १६८ पातीं विकलीं. पहिल्या महायुद्धांत मात्र अमेरिकन सैनिकांस तींच लाखांनीं वाटलीं गेलीं, आणि आज्याचा वस्तरा पेटीच्या तळाशीं गेला. तेथून त्याला वर काढतो तो आजचा हौशी. तो आधीं भिंगानें भेग शोधतो. धारेस केंसाएवढी भेग असली तरी वस्तरा निकामी. मग गंज. तो फिरत्या चाकावर झटपट उडविण्याचा मोह घातक आहे. पातळ पातें क्षणांत तापतें, पिवळें होतें, मग निळें. आणि निळें झालें कीं पोलादाचें पाणी उतरलें. म्हणून शहाणा मनुष्य काचकागद घेऊन संध्याकाळच्या संध्याकाळ हातानेंच घासतो. निसण्यावर पातें पालथें घालतांना पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवावीं लागतात, कारण धारेचा कोन घासणाऱ्याच्या मनगटांत नसून पाठीच्या जाडींत साठविलेला असतो. दोन्ही बरोबरीनें झिजतात व कोन जवळजवळ तसाच राहतो. यासाठीं बेल्जममधील आर्देन भागाचा पिवळसर दगड नांवाजलेला आहे. त्यांत तामड्याचे अतिसूक्ष्म कण असतात. शेवटीं चामड्याचा पट्टा. आणि दाढीच्या ब्रशाची मूठ तोच मनुष्य आपल्या चरकावर कातून घेतो, तेव्हां दोन्ही छंद एका फळीवर येऊन बसतात.

अशाच एका घरच्या भट्टींत वूट्झचें उरलेलें कोडेंही उलगडलें. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी उमटे, ती पुन्हां उमटविणें कोणास नीट साधत नव्हतें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतीं आल्फ्रेड पेंड्रे नांवाचा एक नालबंद होता. घोड्यांस नाल ठोकून उरलेल्या वेळांत तो सुऱ्या घडवी. आयोवा येथील विद्यापीठांतील धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोव्हेन यांनीं त्याच्याशीं गांठ घातली, आणि दोघांनीं मुशींमागून मुशी पेटविल्या. ती नक्षी लोखंडांतील व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अत्यल्प अंशावर, लाखांत तीन-चार भागांवर, अवलंबून असते असें त्यांस आढळलें; तेवढा अंश असला म्हणजे पातें वारंवार तापवून ठोकतांना कठीण कण ओळींनीं जमत जातात. १९९८ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यावर लेखक म्हणून प्राध्यापकाच्या नांवाबरोबर नालबंदाचेंही नांव छापलेलें होतें.