बाहुलीघर आणि माळवद

घनसावंगी हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात असल्याने या परिसराचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. गेल्या उन्हाळ्यात येथील एका परिचित कुटुंबाचे जुने माळवदी घर उतरविण्यात आले. सागाचे खांब व तुळया व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये चढल्या, भिंतींचे दगड नव्या घराच्या पायासाठी एका बाजूला रचण्यात आले आणि माळवदाची पांढरी माती अंगणात ढीग होऊन पडली. घरातील आजी बाजेवर बसून हे सर्व पाहत होत्या. सुटीसाठी आलेली त्यांची आठ वर्षांची नात मोकळ्या जागेत इकडून तिकडे फिरत विचारीत होती, "आजी, तुझी चूल कुठं होती? आणि तू झोपायचीस कुठं?" आजींनी बोट दाखविले, पण बोटापुढे आता काहीच उरले नव्हते.

त्याच दिवशी मी घरमालकांकडून सागाचे काही तुकडे आणि दोन घमेली माती मागून घेतली. त्या घराची एक लहान प्रतिकृती करावी, असे मनात आले. बाहुल्यांचे घर बांधण्याचा छंद पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूला शोभतो काय, असे एका सहकारी फादरांनी हसत विचारले. त्यांना उत्तर देता यावे म्हणून मी बाहुलीघराचा इतिहास वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, बाहुलीघर हे आरंभी मुलांचे खेळणे नव्हतेच. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ मध्ये एक चिमुकला प्रासाद करवून घेतला. तो आपल्या लेकीसाठी केला असे सांगतात; परंतु त्याची स्थापना झाली ती ड्यूकच्या कलासंग्रहात. तो प्रासाद आज अस्तित्वात नाही. १५९८ मध्ये त्या संग्रहाची यादी करण्यात आली, तिच्यामुळे त्यातील दालने आपल्याला ठाऊक झाली. पुढील शतकात हॉलंडमधील धनिक स्त्रियांनी हा शौक उचलला. अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या गृहिणीचे बाहुलीघर १६८६ ते १७१० या काळात सजत गेले. त्यासाठी चिनी मातीची इवलीशी भांडी थेट चीनमधून मागविण्यात आली. या एका कपाटावर जेवढा खर्च झाला तेवढ्यात कालव्याकाठी खरे घर विकत मिळाले असते, असे म्हणतात. ते कपाट आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळते.

या परंपरेचा कळस म्हणजे इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बांधलेले बाहुलीघर. त्याचा वास्तुशिल्पी होता एडविन लट्यन्स. ज्या वर्षांत तो नवी दिल्लीचे भव्य प्रासाद उभारीत होता, त्याच वर्षांत तो हे बोटभर उंचीच्या माणसांचे घरही रेखीत होता. त्यात नळाला खरे पाणी येते, दिव्यांना वीज आहे आणि लिफ्ट वरखाली होते. ग्रंथालयातील चिमुकल्या पुस्तकांसाठी त्या काळच्या नामांकित लेखकांनी मजकूर लिहून दिला. १९२४ मध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पुढे ते विंडसरच्या राजवाड्यात गेले. या घराचे प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे खऱ्या घराचा एक फूट तेथे एक इंच होतो. बाहुलीघर बांधणारे हौशी लोक आज जगभर बहुधा याच प्रमाणाने काम करतात.

श्रीमंतीच्या प्रदर्शनाबरोबर एक दुसरा प्रवाहही वाहत आला आहे. न्युरेंबर्ग शहरातील आना क्योफरलिन या स्त्रीने १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना पाहण्यासाठी खुले केले. घर कसे मांडावे, कसे चालवावे, हे मुलांना डोळ्यांनी पाहून शिकता यावे, हा तिचा हेतू होता. अमेरिकेत १९४० च्या दशकात फ्रान्सेस ग्लेसनर ली या विदुषीने त्याच एकास बारा प्रमाणात घरांच्या प्रतिकृती केल्या. त्या मात्र संशयास्पद मृत्यूंच्या होत्या. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांनी बारकाईने पाहावयास शिकावे, म्हणून तिने त्यांत खिडकीच्या कडीपासून पायमोज्याच्या विणीपर्यंत काहीही सोडले नाही. लहान घर हे केवळ गोजिरे असते असे नाही. मोठ्या घरात जे नजरेतून निसटते ते दाखविण्याचे सामर्थ्यही त्यात असते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. लहान प्रतिकृती करण्याची हौस गोदावरीच्या खोऱ्यात फार जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये धातूच्या चार वस्तू मिळाल्या. त्यांत हत्ती, गेंडा व म्हैस यांच्याबरोबर बैल जुंपलेला एक रथ असून त्यावर सारथी उभा आहे. ही खेळणी होती की पूजेच्या वस्तू, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एवढे मात्र खरे की, रोजच्या जगण्यातील गाडी-बैल लहान करून पाहण्याचा आनंद तेव्हाच्या माणसालाही होता.

पुढील काळातील आपले खेळणे म्हणजे भातुकली. भातुके म्हणजे लेकरांचा खाऊ. त्यावरून हा शब्द आला. चूल, जाते, उखळ, पोळपाट, तांब्या, परात, सारा संसार तळहातावर मावेल एवढा. माहेरची आठवण म्हणून लेकींनी ही भांडी जपली. पुण्याचे विलास करंदीकर यांनी भातुकलीच्या हजारो वस्तू जमवून त्यांची प्रदर्शने भरविली, तेव्हा वडीलधारी माणसे त्या काचेपुढे डोळे पुसताना दिसत. त्याच शहरातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा घरगुती वस्तूंना मानाचे स्थान मिळाले. दिनकर केळकरांनी या संग्रहालयाला आपल्या अकाली निधन पावलेल्या मुलाचे नाव दिले आहे.

मराठवाड्यात दिवाळीच्या दिवसांत अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. ताक घुसळणारी गवळण, जात्यावर बसलेली बाई, गाईगुरांचा गोठा, असा छोटा वाडाच सकाळी उभा राहतो. पश्चिम महाराष्ट्रातील मुले त्याच सुमारास मातीचे किल्ले करतात आणि त्यांवर अळीव पेरून हिरवळ उगवितात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. आपल्याकडे लहान घर टिकविण्यासाठी केले जात नसे. गवळणी मोडून त्यांच्या गोवऱ्या होत, किल्ला पावसात विरघळे. भातुकलीची भांडी टिकत, पण त्या भांड्यांना भिंती नसत. ओसरीचा एक कोपरा किंवा बाजेवर टाकलेले लुगडे हेच तिचे घर. भिंतींची प्रतिकृती करण्याची गरज कोणाला वाटावी? खरे घर पाठीशी भक्कम उभे होते. ड्यूकने आणि राणीने लहान घर केले ते आपल्यापाशी काय आहे हे दाखविण्यासाठी. आपल्यावर मात्र आज ते करण्याची वेळ आली आहे ती, आपल्यापाशी काय होते हे दाखविण्यासाठी.

ख्रिस्ती कुटुंबांना तर लहान घर बांधण्याची परंपरेनेच सवय आहे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो या गावी गवताने भरलेली गव्हाणी मांडली व शेजारी खरे बैल आणि गाढव उभे केले. नाताळचा गोठा मांडण्याच्या प्रथेचे मूळ तेथे सांगितले जाते. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच गावी गव्हाणीविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली. अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी बेथलेहेमच्या देखाव्यात आपल्याच गल्लीतील कोळी, भाजीवाले आणि खाणावळी उभ्या केल्या. आपल्याकडेही कोठे कडब्याचा, कोठे नारळाच्या झावळ्यांचा गोठा होतो. प्रत्येक समाजाने प्रभूजन्मासाठी आपलेच घर लहान करून दिले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता त्या घनसावंगीच्या माळवदाविषयी. मराठवाड्याचे हे घर हवामानाला साजेसे होते. सागाच्या खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे व फळ्यांचे आच्छादन, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. दारात बसण्याउठण्याची ढाळज, भिंतीत धान्याचे बळद, जागोजागी दिवा ठेवण्याच्या देवळ्या आणि छतात उजेडासाठी व धुरासाठी सवणे. मे महिन्यात बाहेर जमीन तापलेली असताना आत गारवा असे. वाळवण आणि रात्रीची निजही माळवदावरच होई.

मोजमापे घेताना आजींनी मला मोठी मदत केली. पण काम सुरू झाल्यावर त्या एके दिवशी म्हणाल्या, "फादर, माळवद थंडगार होतं हे पोरीला जरूर सांगा. पण किल्लारीनंतर आम्ही कितीतरी रात्री अंगणात काढल्या, तेबी सांगा."

त्यांचे म्हणणे मला विसरता आले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेश विसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांना धरणीने नव्हे, स्वतःच्या घराने गाडले. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाची माती खाली आली. पुढे तज्ज्ञांनी सांगितले की छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे जोडदगड बसवा, खांब व तुळया तिरक्या लाकडांनी आवळा. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. ज्यांची घरे शाबूत होती, त्यांच्याही मनातून माळवद तेव्हापासून उतरले.

मग या प्रतिकृतीत मी काय दाखवावे? केवळ देवळीतला दिवा आणि बळदातले धान्य दाखविले तर ती सुंदर, परंतु अर्धीच गोष्ट होईल. मी हिशेब मांडला. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोली. वर दीड फूट माती. घनमीटरला सोळाशे किलो धरले तरी त्या एका खोलीच्या डोक्यावर आठ टन वजन होते. एकास बारा प्रमाणात लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही बारा पटींनी घटतात. म्हणजे वजन १७२८ पटींनी कमी होते. आठ टनांचे साडेचार किलोंहून थोडे अधिक उरते. बाहुलीघर कोणाला चिरडीत नाही, याचे कारण हे गणित आहे. आणि खरे घर का चिरडते, हेही याच गणिताने कळते.

हा छंद आरंभणाऱ्यांसाठी दोन शब्द अनुभवाचे. करवत हाती घेण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी आणि घर उभे असतानाच घ्यावी. मी ती उशिरा घेतली, म्हणून ढाळजेची रुंदी मला आजींच्या पावलांवरून ठरवावी लागली. सहा फुटांचे दार सहा इंचांचे होते, पण त्या दारासाठी रुंद रेषांचे लाकूड घेतले तर ते खोटे दिसते. बारीक रेषांचा तुकडा निवडावा. माती लहान होत नाही, तिचे खडे तेवढेच राहतात. म्हणून ती कापडातून चाळावी व भुसा अगदी बारीक करून मिसळावा. माझे पहिले माळवद वाळताना चार ठिकाणी तडकले. दुसरे थर थर देऊन, सावलीत वाळविले, तेव्हा टिकले. आणि घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून काम करावे. सवणे नेमके चुलीच्या वर होते, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडले नसते.

छत मी घराला चिकटविले नाही, उचलता येईल असे ठेवले. नाताळच्या सुटीत नात पुन्हा आली, तेव्हा घर तिच्यापुढे ठेवले. तिने आधी चूल शोधली, मग आजीची झोपण्याची जागा. नंतर मी तिला छत उचलावयास सांगितले. दोन्ही हात लावून, दात-ओठ खाऊन तिने ते उचलले आणि म्हणाली, "फादर, किती जड आहे हो!" आजी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नातीला जवळ ओढले आणि त्या पहाटेची हकिकत तिला प्रथमच सांगावयास सुरुवात केली. मी छत पुन्हा जागेवर ठेवले आणि ऐकत बसलो.