विद्यापीठाची टोपी

सोलापुरातल्या एखाद्या जुन्या, शिकल्या घरातील पदवीची प्रमाणपत्रे एकत्र काढून पाहिली, तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. आजोबांच्या प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठ, त्यांच्या धाकट्या भावाच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठ, मुलाच्या प्रमाणपत्रावर शिवाजी विद्यापीठ आणि नातवंडांच्या प्रमाणपत्रावर सोलापूर विद्यापीठ. घर तेच, गाव तेच, पुष्कळदा महाविद्यालयही तेच. बदलत गेले ते वरचे नाव. या बदलाचा विचार आपण परीक्षा, अभ्यासक्रम आणि निकाल यांच्या अंगाने करतो. परंतु त्याच नावाने मैदानावर एक संघही उतरत असे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो संघ आणि त्या संघाची टोपी हा आहे.

सोलापुरात १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले, बॅरिस्टर मु. रा. जयकर त्याचे पहिले कुलगुरू. सोलापूर तिकडे गेले. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आले. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ या एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. म्हणजे साधारण पासष्ट वर्षांत सोलापूरच्या खेळाडू विद्यार्थ्याने चार विद्यापीठांच्या टोप्या घातल्या.

ही टोपी म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी १९४८-४९ चा क्रिकेट हंगाम पाहावा. वेस्ट इंडीजचा संघ जॉन गोडार्ड यांच्या नेतृत्वाखाली प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. एव्हर्टन वीक्स शतकामागून शतक काढीत होते. या दौऱ्यात ऑक्टोबर १९४८ मध्ये पाहुण्यांची गाठ संयुक्त विद्यापीठ संघाशी पडली आणि बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याविरुद्ध नाबाद ११५ धावा काढल्या. पुढे सातच आठवड्यांनी, डिसेंबरात, ब्रेबर्न स्टेडियमवरील दुसऱ्या कसोटीत तो भारताकडून खेळला. त्याचे नाव पहलन रतनजी उम्रीगर, म्हणजेच पॉली उम्रीगर. जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर.

वडिलांचा कापडाचा व्यवसाय, बालपण सोलापुरात. शाळकरी वयातच कुटुंब मुंबईला गेले. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठाचे कर्णधारपद. त्यानंतरचे सारे सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात त्यांच्या नाबाद १३० धावा होत्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्धच्या २२३ धावा हे भारतीयाचे पहिले कसोटी द्विशतक. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतके; यांतील धावांचा आणि शतकांचा आकडा ओलांडायला पुढे गावसकरांना यावे लागले.

मात्र माझे कुतूहल या आकड्यांपेक्षा त्या ऑक्टोबरच्या सामन्याशी अधिक निगडित आहे. उम्रीगर प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पहिल्यांदा उतरले ते १९४४ मध्ये, मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत, पारशी संघाकडून. पंचरंगीचे संघ धर्मावर उभे होते. युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामन्यांपासून ही परंपरा सुरू झाली. १९०७ मध्ये हिंदू, १९१२ मध्ये मुसलमान आणि १९३७ मध्ये ‘इतर’ असे संघ त्यात येत गेले. त्या संघांच्या पोटात जातीही होत्या. थोर गोलंदाज पळवणकर बाळू यांना दलित म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारण्यात आले. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेविरुद्ध मत दिले आणि १९४५-४६ नंतर ती बंद पडली.

या धर्माधिष्ठित संघांच्या शेजारी दुसरी एक रचना उभी राहत होती. १९३४-३५ मध्ये प्रांतांची रणजी स्पर्धा आली आणि लगोलग १९३५ मध्ये विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया करंडक आला. अर्देशीर बारिया या मुंबईकर पारशी गृहस्थाने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तो दिला होता. एका पित्याचे हे खाजगी दुःख, पण त्यातून देशाला मिळाले काय? पारशी संघात येण्यासाठी पारशी म्हणून जन्मावे लागे. विद्यापीठाच्या संघात येण्यासाठी नाव नोंदवावे लागे आणि खेळता यावे लागे. तरुण वयात, जन्माने न मिळालेल्या नावाखाली एकत्र उभे राहण्याची ही संधी होती. १९४४ चे पारशी उम्रीगर १९४८ मध्ये भारताचे झाले. या दोन टोप्यांच्या मधली टोपी विद्यापीठाची होती.

विद्यापीठ हेच खेळाचे घर असण्याची उदाहरणे जगात इतरत्रही आहेत. कॅनडाचे फुटबॉल घ्या. लांबट चेंडू हातात घेऊन, बारा-बारा गड्यांनी खेळायचा हा खेळ तेथील विद्यापीठांच्या अंगणात वाढला. १९०९ मध्ये ग्रे चषक प्रथम खेळला गेला तेव्हा तो टोरोंटो विद्यापीठाच्या संघाने जिंकला. विद्यार्थ्यांनी क्लबाच्या संघाला हरवले. आजही तेथील विद्यापीठांचा हंगाम उन्हाळा सरता सरता सुरू होतो, प्रथम आपापल्या विभागात लढती होतात आणि कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर व्हॅनियर चषकाने त्याची सांगता होते. १९६५ पासून हा क्रम चालू आहे. आपल्याकडेही पावसाळा ओसरला की आंतरमहाविद्यालयीन सामने, मग निवड चाचणी, मग पश्चिम विभाग आणि शेवटी अखिल भारतीय स्पर्धा. शिडी तीच. फरक असा, की तेथे विद्यापीठाच्या सामन्याला गाव लोटते आणि आपल्याकडे जिमखान्याच्या फलकावरचा निकालही कुणी थांबून वाचत नाही.

परंतु ही शिडी किती जणांना चढता आली, हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याच हंगामात, उम्रीगरांच्या पदार्पणानंतर आठवडाभराने, पुण्याच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम हाताशी आला असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकर आयुष्यात एकही कसोटी खेळले नाहीत. नाबाद ४४३ धावा कसोटीपर्यंत नेऊ शकल्या नाहीत आणि नाबाद ११५ धावा सात आठवड्यांत घेऊन गेल्या. यावरून सिद्धान्त मांडण्याचे धाडस मी करणार नाही. निवडीची कारणे अनेक असतात. मात्र कोणत्या मैदानावर, कोणाविरुद्ध, कोणाच्या देखत खेळायला मिळते, यावर बरेच काही ठरते, एवढे म्हणता येईल.

उम्रीगरांनाही ती टोपी मिळाली ती मुंबईत गेल्यावर. दिलीप सरदेसाईंची गोष्ट याच वळणाची. पोर्तुगीज अमलाखालच्या मडगावात जन्मलेला हा मुलगा मुंबईत शिकायला आला, १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्याने ४३५ धावा केल्या आणि पुढल्या हंगामात भारतीय विद्यापीठांच्या संघातून पाकिस्तानविरुद्ध पुण्यात पहिला प्रथम श्रेणी सामना खेळताना ८७ धावा काढल्या. दोघांच्याही जन्मगावात ती शिडी नव्हती. ती महानगरात होती. शिवाय जन्माने न मिळणारी ही टोपी फीने मात्र मिळत होती, हेही सांगितले पाहिजे. १९४० च्या दशकात सोलापूरच्या गिरण्यांत साचे चालवणाऱ्या कामगारांची किती मुले महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत आली असतील? धर्माचे कुंपण ओलांडणारा हा संघ वर्गाच्या कुंपणापाशी थबकत होता.

म्हणून मला विद्यापीठ गावाजवळ येण्याचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. मुंबई येथून साडेचारशे किलोमीटर. पुणे आणि कोल्हापूर अडीचशेच्या आत-बाहेर. माझे शिक्षण शिवाजी विद्यापीठाच्या काळात झाले. वर्गातला एक मित्र यष्टिरक्षक होता. निवड चाचणीसाठी तो रात्रीच्या एसटीने निघाला, ग्लोव्ह्ज एका पिशवीत, भाकरी दुसऱ्या पिशवीत. दिवसभर मैदानावर काढून पुन्हा रात्रीच्या गाडीने परतला आणि सकाळी घरच्या यंत्रमागावर उभा राहिला. त्याची निवड झाली नाही. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. आपल्यापेक्षा चांगला खेळाडू तिथे होता, असे तो स्वतःच म्हणाला. पण पुढल्या वर्षी चाचणीची सूचना लागली तेव्हा तो गेला नाही. “दोन दिवसांचा खाडा पडतो,” एवढेच त्याचे उत्तर होते.

आज माझे विद्यार्थी त्याच चाचणीला सकाळी जातात आणि संध्याकाळी घरी येतात. जिल्ह्यापुरत्या लहान विद्यापीठावर टीका पुष्कळ झाली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे; मोठ्या विद्यापीठाची साधने, त्याचा दबदबा लहानाकडे एकाएकी येत नाही. लहान तळ्यातून निवडलेल्या संघाची पश्चिम विभागात दमछाक होते, हेही नाकारता येणार नाही. तरीही मोजमाप करताना केवळ जिंकलेले करंडक मोजू नयेत. चाचणीला येऊ शकलेली मुले मोजावीत, आणि मुलीही. मुक्कामाची परवानगी घरून मिळणार नाही म्हणून जिचे नाव पूर्वी यादीतच येत नसे, ती आज खो-खोच्या चाचणीला उभी राहते.

उम्रीगर ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत निवर्तले. तेव्हा त्यांच्या जन्मगावच्या विद्यापीठाला जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. या विद्यापीठाची टोपी त्यांनी कधी घातली नाही. घालणे शक्यच नव्हते. सोलापुरात जन्मलेल्या मुलाला टोपीसाठी सोलापूर सोडावे लागले, अशी त्यांची कथा आहे. सोलापुरात राहून ती मिळवणाऱ्यांची कथा आत्ता कुठे सुरू झाली आहे, आणि ती लिहायची तर आकड्यांची सुरुवात धावांपासून न करता निवड चाचणीच्या हजेरीपटापासून करावी लागेल.