बत्तीस बोअरची कुळकथा

स्वसंरक्षणासाठी परवाना हाती आलेला माणूस दुकानात शिरला की रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल, एवढीच चर्चा होते. बोअर कोणता, हे जवळजवळ ठरलेलंच असतं: बत्तीस, म्हणजे .३२ इंच. अमेरिकेत कोणती गोळी हल्लेखोराला थोपवते यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले आहेत. आपल्याकडे तो वाद कायद्यानेच मिटवला, आणि त्याचं कारण गोळीच्या ताकदीत नाही.

बत्तीस नावाची काडतुसं मुळात दोन, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रिव्हॉल्व्हरचं काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ मध्ये आणलं. त्याच्या बुडाला कडा असते आणि शिशाची गोळी सुमारे साडेसहा ग्रॅमची. पिस्तुलाचं काडतूस जॉन ब्राउनिंगचं, १८९९ सालचं, बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी बनवलेलं. त्याची गोळी हलकी, पण वेगवान. दोघांची ऊर्जा साधारण दीडशे-पावणेदोनशे ज्यूल भरते. नऊ मिलिमीटरचं लष्करी काडतूस पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे फरक तिपटीचा.

मग आपल्या वाट्याला हेच का आलं?

२०१६ पर्यंत लागू असलेल्या शस्त्र नियम, १९६२ यांची पहिली अनुसूची पाहावी. .३८० किंवा .४५५ ची कडेची काडतुसं, तसंच लष्करी ९ मिलिमीटर किंवा .४५ ची बिनकडेची काडतुसं ज्यात बसतील व उडतील, अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं तिथे प्रतिबंधित वर्गात टाकली होती. यादी नीट वाचली की ध्यानात येतं, ही फौजेच्या कोठारातल्या दारूगोळ्याची यादी आहे. चोरलेलं सरकारी काडतूस नागरिकाच्या हत्यारात बसू नये, एवढाच तिचा हेतू.

ही भीती इंग्रजांची. १८५७ नंतर १८७८ चा शस्त्र कायदा आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तर त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, कारण त्यांची काडतुसं जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या कामी येतील अशी धास्ती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४७०, .४६५ असे नवे बोअर काढले. लष्कराच्या .३०३ ला पर्याय म्हणून आलेली आपली .३१५ ची रायफलही त्याच वाटेवरची. तिचं ८ मिलिमीटरचं काडतूस पुढे गावठी कट्ट्यात शिरलं आणि पोलीस पंचनाम्यांत रुळलं. ज्या गैरवापराला आवर घालायचा, तो दुसऱ्या दाराने आला.

बत्तीस फौजेच्या कामाचं नव्हतं, म्हणून ते सुटलं. १९८० च्या दशकात नागरिकांसाठीची आयात जवळपास थांबली आणि कानपूरचं सरकारी रिव्हॉल्व्हर हाच मुख्य पर्याय उरला. त्याची ठेवण वेब्ली मार्क ४ ची, मधून मोडून उघडणारी. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ पासूनच्या त्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरं पुंगळीच्या बुडावर असतात.

बत्तीसला मी कमी लेखत नाही. धक्का सौम्य असल्याने नवख्याला दुसरी गोळीही नेम धरून झाडता येते, आणि घाबरलेल्या हाताला तेच महत्त्वाचं. पण ते नागरिकाच्या रक्षणाचा विचार करून कुणी निवडलेलं नाही, हे परवानाधारकाला ठाऊक असायला हवं. २०१२ च्या दिल्ली बलात्कार प्रकरणातल्या ‘निर्भया’च्या स्मरणार्थ २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा याचा फार विषाद वाटला. टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, किंमत १,२२,३६० रुपये. रात्रपाळीहून बसने परतणाऱ्या किती बायकांना ते परवडणार होतं? वजनाचा विचार झाला, देखण्या पेटीचा झाला. बोअर तोच राहिला.

२०२३ मध्ये कानपूरने ‘प्रबल’ आणलं. त्याचं चक्र बाजूला उघडतं आणि मारा लांबचा असल्याचं सांगितलं जातं. बोअर .३२.