दादरच्या घरातील काळोखी खोली

छायाचित्र टिपणाऱ्यानेच ते धुऊन सिद्ध करावे, ही गोष्ट आज मोजक्या रसिकांचा छंद म्हणून ओळखली जात असली, तरी छायालेखनाच्या पहिल्या पन्नास वर्षांत तिला पर्यायच नव्हता. आणि मुंबई इलाख्यात ही विद्या आली तीही काचेच्या पाट्या, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखी खोली असा सगळा प्रपंच बरोबर घेऊनच आली. १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यात इंग्रज अंमलदारांच्या बरोबरीने वावरलेल्या एतद्देशीयांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे एक होते. त्या काळी प्रचारात असलेली ओल्या पाटीची पद्धती मोठी कष्टप्रद होती. काचेवर कलोडियनचा थर ओतावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि थर ओला आहे तोवरच चित्र घेऊन ते धुवावयाचे. त्यात कलोडियनमधील ईथर आपल्याकडील उष्म्याने भराभर उडून जाई, म्हणून विलायतेत जेवढी मुदत मिळे तेवढीही येथे मिळत नसे. जो चित्र घेई त्याला रसायनज्ञही व्हावे लागे, ते या कारणाने.

पुढे १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या पाटीचा शोध लावला, आणि १८८८ मध्ये ईस्टमन यांनी शंभर चित्रांची गुंडाळी घातलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. गुंडाळी संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा, असा त्याचा शिरस्ता होता. सोय मोठी झाली यात संशय नाही. परंतु ज्याने चित्र पाहिले त्याच्या हातून ते घडविण्याचे काम सुटले, आणि ही ताटातूट माझ्या मते त्या सोयीची खरी किंमत होय.

ती ताटातूट ज्या घराने मानली नाही, त्या घराची हकिकत येथे सविस्तर सांगितली पाहिजे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात छायालेखन शिकले, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, आणि १९१२ च्या आरंभी विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले. परत आल्यावर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या बीजाची वाढ ठरावीक अंतराने टिपून त्यांनी एक लहानसा चित्रपट तयार केला, तो दाखवून धनिकांचा विश्वास संपादन केला, आणि पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले तेव्हा कोठे भांडवलाची तजवीज झाली.

सरस्वतीबाईंचा वाटा दागिने देण्यापुरता होता, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी त्या कामाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. कोरी फिल्म छिद्रांवाचून येत असे. ती काळोखात यंत्रावर धरून कडांना छिद्रे पाडण्याचे, रसायने कालविण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम त्या पतीकडून शिकल्या. दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाक, चित्रण चालू असता उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतविणे, आणि त्यावर हे प्रयोगशाळेचे काम! त्या भांडवलावर फाळक्यांनी काढलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे बसतात, आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांस चार-चार छिद्रे असतात. म्हणजे साठ हजारांच्या आसपास चित्रे, आणि एक छिद्र तिरके गेले की पडद्यावर चित्र थरथरणार. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांसमोर आला. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात फाळक्यांना जनकत्वाचा मान मिळाला तो यथार्थच आहे. परंतु ज्या हातांनी ती फिल्म दादरच्या राहत्या घरी सिद्ध झाली, त्या हातांची नोंद आपण फार कृपणतेने केली आहे.

स्वातंत्र्यानंतर ही विद्या मध्यमवर्गीय घरांत उतरली. बडोद्यास बनणारा ‘अग्फा क्लिक थ्री’ हा बारा चौकोनी चित्रांचा साधा कॅमेरा अनेकांचा पहिला कॅमेरा ठरला, आणि १९६० साली उटकमंड येथे सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केल्यावर ‘इंदू’ नावाची देशी फिल्मही मिळू लागली. रात्री न्हाणीघराच्या फटी कापडाने बुजवून तेथेच डार्करूम थाटली जाई. १९२७ पासून जगभर रूढ असलेले डी-७६ हे डेव्हलपरचे प्रमाण हौशी मंडळींच्या हाताशी असे : एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. खरी अडचण पाण्याची. द्रावण २० अंश सेल्सिअसवर हवे, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम. तेवढ्या उष्णतेत जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि नखाच्या स्पर्शानेही ओरखडते. म्हणून बाटली बर्फात ठेवावयाची, चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या द्रावणात तुरटी घालून थर घट्ट करावयाचा, हा बंदोबस्त. हायपोचा रौप्यक्षार विरघळविण्याचा गुण हर्शेल यांनी १८१९ मध्येच हेरला होता, आणि आजही कृष्णधवल फिल्म पक्की करण्यास तोच उपयोगी पडतो.

रंगीत फिल्मने ही घरगुती विद्या मागे सारली. तिच्या द्रावणाला ३८ अंशांच्या आसपासची उष्णता अत्यंत काटेकोरपणे राखावी लागते. ते यंत्रांना सहज साधले, घरांना अवघड गेले. अलीकडे काही तरुण जुने कॅमेरे दुरुस्त करून पुन्हा न्हाणीघरात फिल्म धुऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरच्या ट्रंकेत आजोबांनी धुतलेल्या निगेटिव्ह असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत. ज्यांना शिरक्यासारखा आंबूस वास येत असेल त्या खराब होऊ लागल्या आहेत असे समजून वेगळ्या काढाव्यात, उरलेल्या कागदी पाकिटांत घालून थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि चित्रातील माणसांची व गावांची नावे, सांगणारी माणसे घरात आहेत तोवर, त्या पाकिटांवर पेन्सिलीने लिहून घ्यावीत.