लोणी मऊ राखण्याची घरगुती रीत : शब्द व साधनें

जुनीं दप्तरें चाळतांना मोहिमा, इनामें व वतनें यांचे कागद आपण जपून ठेवितों. परंतु स्वयंपाकघराच्या खर्चाचीं टिपणें बहुधा रद्दींत जातात. अशा टिपणांतून येणाऱ्या एका साध्या पदार्थाचा, म्हणजे लोण्याचा, विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. घरांत लोणी मऊ कसें राखीत हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसेल. परंतु त्याचें उत्तर ध्यानांत घेतल्यावांचून कागदांतील 'लोणी', 'लोण' व 'तूप' हे शब्द नीट लागत नाहींत, असें आमचें मत आहे.

(१) शब्द. 'लोणी' हा शब्द संस्कृत 'नवनीत', प्राकृत 'णवणीअ' यापासून आला. आद्य अनुनासिकाचा 'ल' होणें मराठीस नवें नाहीं. 'निंब' याचें 'लिंब' झालेंच आहे. तेव्हां लोण्याचा लवणाशीं संबंध नाहीं. लवणापासून झालेला 'लोण' म्हणजे मीठ. तो 'लोणचें' व 'लिंबलोण' या शब्दांत शिल्लक आहे. उलट 'लोणकढें तूप' यांतील 'लोण' हें मीठ नसून लोणीच होय. ताजें लोणी कढवून केलेलें तें लोणकढें. घाईनें लिहिलेल्या मोडींत एक वेलांटी सुटली कीं लोण्याचें मीठ होतें, हें वाचकांनीं विसरूं नये. 'मस्का' हा शब्द फारशींतून आला. 'तूप' या शब्दाचें नातें कानडी 'तुप्प' याशीं आहे.

(२) रीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत लोण्याचे गुण सांगतांना तें 'नवोद्धृत', म्हणजे नुकतेंच काढलेलें, असावें असें म्हटलें आहे; तुपाच्या बाबतींत मात्र जुन्या तुपाची निराळी थोरवी वर्णिली आहे. लोणी ताजें खावें व तूप सांठवावें, हा आमच्या घरांतील नेमही तोच होय.

ताक घुसळून आलेला गोळा थंड पाण्यांत दोनतीनदां धुवावयाचा, म्हणजे आंबटपणा आणणारा ताकाचा अंश निघून जातो. मग तो मातीच्या किंवा दगडी भांड्यांत पाण्यांत सोडावयाचा, पाणी रोज बदलावयाचें, व भांडें शिंक्यावर ठेवावयाचें. गवळणींतील शिंकें म्हणजे केवळ कविकल्पना नव्हे. मांजर व मुंग्या यांपासून तेथें बचाव होतो, आणि वारा लागून मातीचें भांडें थंडही राहतें.

यांतील कार्यकारणभाव सरळ आहे. लोण्यांत सुमारें चारपंचमांश स्निग्धांश असतो. सुमारें २० अंश शतमान उष्णतेस तें मऊ असतें व ३५ अंशांच्या सुमारास पूर्ण वितळतें. देशावर वैशाखांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो, तेव्हां उघडें लोणी गोळा म्हणून टिकणारच नाहीं. मातीच्या भांड्यांतून पाझरणारें पाणी सुकतांना आंतील उष्णता घेऊन जातें. गोळा तरंगत असला तरी त्याचा बहुतेक भाग पाण्याखालीं असल्यानें त्यास वाराही कमी लागतो, व तो लवकर खवट होत नाहीं. खोल विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत गार व हिवाळ्यांत कोमट लागतें. म्हणून पौषांत थिजूं पाहणारें लोणी त्याच ताज्या पाण्यानें भाकरीवर पसरण्याजोगें होतें. तुकोबांनीं सज्जनांच्या चित्तास आंतबाहेर मृदु अशा नवनीताची उपमा दिली आहे. ती ऐकणारास समजावून सांगावी लागली नसेल.

(३) मर्यादा. हा उपाय थोड्या दिवसांचा. पुढें लोणी कढवावेंच लागे. कढवितांना पाण्याचा अंश उडून जातो, बेरी खालीं बसते, आणि गाळलेलें तूप महिनोंमहिने टिकतें. म्हणून कोठीच्या सांठ्यांत तूप अपेक्षावें. तेथें 'लोणी' असें वाचनांत आल्यास तो त्या दिवसाचा खर्च आहे, कीं मूळ शब्द 'लोण' आहे, हें आधीं पाहावें. तसेंच 'लोणी' नांवाचीं गांवें कोणत्या शब्दावरून पडलीं हें नुसत्या ध्वनिसाम्यावरून ठरवूं नये.

(४) पालट. सन १८३३ त बोस्टनहून कलकत्त्यास बर्फाचें जहाज आलें, तेव्हांपासून बंदरांतील श्रीमंतांच्या घरीं लोणी गार राखण्याचें नवें साधन मिळालें. विसाव्या शतकांत पोल्सनचें खारें 'बटर' शहरांत रूढ झालें. आणंद येथील त्यांची दुग्धशाळा सन १९३० ची. पुढें शीतकपाट घरोघर आलें आणि प्रश्नच उलटला. पूर्वी लोणी वितळूं नये ही चिंता होती. आतां तें दगडासारखें होतें, व खाण्यापूर्वी बाहेर काढून ठेवावें लागतें. नांवांतही भेद पडला. घरचें तें लोणी व विकतचें तें बटर, असा व्यवहार झाला. आणि लोण्यांत मीठ असणें हें, जें आमच्या रीतींत नव्हतें, तें स्वाभाविक वाटूं लागलें.

पाण्यांतील लोण्याची रीत सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्या शब्दांवांचून कोठीचे कागद मुके राहतील. सबब संग्राहकांस आमची विनंति कीं, घरखर्चाचें चिटोरें हातीं आल्यास तें फेंकूं नये, आणि त्या घरांतील वडील बायकांस विचारून भांड्यांचीं व कृतींचीं नांवें त्याच्या पाठीशीं टिपून ठेवावीं.