वसईचा पाठीराखा

कॅथलिक संतांवर लिहायला अर्धापूरच्या माणसाने का बसावे, असा प्रश्न आमच्या घरातच विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे केशवराजाचे देऊळ आहे, दर्गे आहेत, केळीच्या बागा आहेत. संत म्हटले की आमची नजर नरसीच्या नामदेवांकडे आणि गंगाखेडच्या जनाबाईंकडे जाते. मला या विषयाकडे ओढले ते एका पाटीने. जुन्या कागदांच्या शोधात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, खेपा घालत असताना तिथल्या कॅथीड्रलवर संत फ्रान्सिस डी सेल्स हे नाव वाचले. सोबतच्या मित्राने विचारले, "हा यांचा कोणता देव?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला निघालो आणि पोचलो वसईच्या किल्ल्यात.

पाटीवरचे नाव देवाचे नव्हते, माणसाचे होते. फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) हा आल्प्सच्या डोंगराळ सॅव्हॉय मुलखातला बिशप. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्याने चिठ्ठ्यांसारखी छोटी पत्रके लिहून घरांच्या दारांखालून आत सरकवली. १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरवले. एका मुक्या-बहिऱ्या माणसाला त्याने खुणांनी धर्म शिकवला, म्हणून बहिऱ्यांचाही तोच. मराठवाड्याशी त्याचा संबंध काय? त्याच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ मध्ये त्याच मुलखातल्या आनसी गावी निघाला. त्या संघाचे पाद्री नागपूरला आले, पुढे निजामाच्या मुलखात वैजापूरजवळच्या घोगरगावापर्यंत पोचले. माणसे आली तसा त्यांचा संतही आला. आमच्या भागात खंडोबाची ठाणी अशीच पसरलेली आहेत, त्यामुळे यात मला नवल वाटले नाही.

नवल वाटले ते आपल्या अज्ञानाचे. मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्म ओळखीचा झाला तो बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंमुळे. ही सारी मंडळी प्रॉटेस्टंट. त्या पंथात संतांची विनवणी बसत नाही, म्हणून ती आपल्या वाचनातही आली नाही. वास्तविक आधीचा मराठी ख्रिस्ती ग्रंथसंभार कॅथलिकांचा आहे. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ चे. त्यानंतर एतिएन द ला क्रुआ याने संत पीटरवर ओवीबद्ध पुराण रचले आणि आंतोनियु द साल्दान्य याने पाद्वाच्या संत अँथनीची जीवनकथा १६५५ च्या सुमारास छापली. तुकोबांच्या हयातीच्या आगेमागे ओवीतून युरोपातल्या संतांची चरित्रे लिहिली जात होती, ही गोष्ट आमच्या अभ्यासक्रमात कधी आली नाही.

आता मूळ मुद्दा. कॅथलिकांना देव एकच. मग हे संत कशाला? इंग्रजीतला पेट्रन हा शब्द लॅटिनच्या पात्रोनुस वरून आला. रोममध्ये पात्रोनुस म्हणजे वजनदार गृहस्थ. त्याच्या छायेखाली दुबळी माणसे असत. त्यांच्यातर्फे तो न्यायसभेत उभा राहून बोले, त्याबदली ती त्याचा मान राखत. साम्राज्य ख्रिस्ती झाले तेव्हा हेच नाते लोकांनी स्वर्गात नेले. इसवी सन ३८६ मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याला गेर्वासियस आणि प्रोतासियस या दोन रक्तसाक्षींच्या अस्थी सापडल्या. शहराला आता आपले पाठीराखे मिळाले, अशी त्याची भाषा आहे. धर्मासाठी जीव दिलेला माणूस देवाच्या दरबारी बसलेला आहे, तो आपल्या ओळखीचा आहे, आपली बाजू मांडील, असा हा हिशेब.

निजामी राजवट पाहिलेल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. माझे आजोबा सांगत, अर्जी कितीही खरी असो, हैदराबादेत आपला माणूस असल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. हुकूम निजामाचाच, पण शब्द टाकणारा कुणीतरी लागे. कॅथलिक शिकवण नेमकी हाच भेद करते. ७८७ च्या निकाया परिषदेने सांगितले की आराधना फक्त देवाची, संतांना आणि त्यांच्या प्रतिमांना आदर. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, प्रॉटेस्टंटांचा हल्ला जोरात असताना, संतांना विनवणे चांगले आणि उपयोगाचे आहे असे पुन्हा ठरवले. विनवणीचा अर्थ, 'आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना कर'. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहणारी बाई, मग ती कोणत्याही धर्माची असो, हा भेद मनात धरून वाहत असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे देवाला चांदीचे डोळे वाहणारी तरी कुठे धरते? पण धर्मशास्त्र आणि नवस यांच्यात असे अंतर सगळीकडेच असते.

कोणता संत कुणाचा, हे बहुधा त्याच्या चरित्रातल्या एका तपशिलावर ठरते. अलेक्झांड्रियाच्या अपोलोनियाचे छळात दात पाडले गेले, म्हणून दातदुखीला ती. लॉरेन्सला जाळीवर भाजले अशी कथा, म्हणून स्वयंपाक्यांचा तो. लिझ्यूची तेरेझा मठाबाहेर मिशनकार्याला कधी गेली नाही, तरी १९२७ मध्ये तिला फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनांची आश्रयदाती केले, कारण कोठडीत बसून ती मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करी. मला सर्वांत जवळचा वाटला तो माद्रिदचा इसिदोर. दुसऱ्याच्या शेतावरचा सालदार. हा प्रार्थनेत रमला की देवदूत त्याचा नांगर धरीत, अशी त्याची कथा. जनाबाईचे दळण दळणारा विठ्ठल ज्याने ऐकला आहे, त्याला ही कथा परकी वाटणार नाही. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पाच जणांना संतपद मिळाले. त्यांत इग्नेशियस लोयोला, झेवियर, आविलाची तेरेसा, फिलिप नेरी यांच्या पंक्तीला हा नांगऱ्या बसला आणि शेतकऱ्यांचा आश्रयदाता म्हणून राहिला.

गावाचा किंवा राज्याचा पाठीराखा ही याच्या पुढची पायरी. मराठ्यांच्या इतिहासात तिचा एक प्रसंग आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्याच्या तोंडाशी असलेले जुवे बेट घेतले. ते परत घ्यायला गेलेला विजरई कोंदि द आल्व्होर मार खाऊन, जखमी होऊन परतला. मग तो बॉम जेझू चर्चमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती देऊन राज्य त्याच्या स्वाधीन केले. काही आठवड्यांत मराठे माघारी फिरले. गोव्यात तो चमत्कार ठरला. इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे की शाहआलमची मोगल फौज पाठीवर आली होती. मला चमत्कारापेक्षा दंडाचे महत्त्व वाटते. राज्यकर्ता स्वतःला संताचा मुतालिक म्हणवून घेतो. शाहू छत्रपतींच्या नावाने पेशव्यांनी केलेला कारभार आपण वाचलेला आहे, तेव्हा या कल्पनेची ताकद आपल्याला कळावी.

झेवियर मात्र बाहेरून आलेला. त्याच्यामागे राजा, जेझुइट संघ आणि रोम. वसईच्या पाठीराख्यामागे यांतले फारसे काही नव्हते.

वसई म्हटले की आपल्याला दोन सनावळ्या आठवतात, १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय आणि १८०२ चा तह. गोन्सालो गार्सिया आठवत नाही. त्याचा जन्म वसईत, १५५६-५७ च्या सुमारास. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे तो शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे जपानी भाषा त्याने अशी आत्मसात केली की उपदेशकांना त्याच्यावाचून चालेना. जेझुइट संघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. काही वर्षे वाट पाहून तो बाहेर पडला, व्यापारात शिरला, चांगला स्थिरावला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतले, तेही पुरोहित म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचा वकील म्हणून पेद्रु बाप्तिस्ता जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी याच्याकडे गेला, तेव्हा दुभाषा होता गोन्सालो. स्पेनचे सरकार आणि जपानचा दरबार यांच्यातले बोलणे वसईच्या मुलाच्या तोंडून झाले. १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम निघालेला होता, तरी या मंडळींना क्योतोत राहू दिले गेले. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि वारे फिरले. आधी पाद्री पाठवून मागून फौज आणायची ही स्पेनची रीत आहे, असे जहाजाच्या सुकाणूदाराने बोलून दाखवल्याची कथा आहे. ती खरी की मागाहून रचलेली, यावर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट यांच्यात पुढे बराच वाद झाला. हिदेयोशीची नजर जहाजातल्या मालावर होती, हे मला अधिक पटते.

सव्वीस जणांना शिक्षा झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकी साधे जपानी लोक. त्यांत कोवळी मुलेही होती. क्योतोत त्यांचे कान कापले, भर थंडीत सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

यापुढची कथा चरित्रपुस्तिकांत दोन ओळींत उरकलेली असते. मला तीच महत्त्वाची वाटते. १६२७ मध्ये पोप उर्बान आठवे यांनी या फ्रान्सिस्कनांना धन्यवादित ठरवले. संतपदाची ही अलीकडची पायरी. तीन वर्षांनी, १६३० मध्ये, त्याच पोपच्या काळात रोमने आश्रयदाता निवडण्याचे नियम बांधले. गावच्या लोकांनी मत द्यावे, बिशप आणि पाद्र्यांची संमती असावी, रोमने ते कायम करावे; आणि निवडायचा तो पूर्ण संतपद मिळालेलाच असावा. केवळ धन्यवादित चालणार नाही, खास परवानगी असेल तरच. म्हणजे निवड लोकांची, पण उमेदवारी रोमच्या हाती. वसईच्या स्वतःच्या पोराला वसईचा रीतसर पाठीराखा होण्याचा हक्क यामुळे राहिला नाही.

तो मिळायला १८६२ साल उजाडावे लागले. ८ जून रोजी पोप पायस नववे यांनी सव्वीसही जणांना संत घोषित केले. मधल्या काळात पोर्तुगीज सत्ता बुडाली, किल्ला मराठ्यांकडे आणि मग इंग्रजांकडे गेला, किल्ल्यातली चर्चे ओस पडली, त्यांच्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात वाजू लागल्या. कोळी, वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती मात्र आपापल्या वाड्यांत राहिले. १८६२ च्या घोषणेमागे वसईची कळकळ होती असे म्हणायला मला आधार दिसत नाही. इटलीच्या एकीकरणात पोपची बहुतेक राज्ये गेली होती, जगभरच्या बिशपांना रोममध्ये जमवायचे होते, आणि जपान नुकताच परदेशीयांना खुला झाला होता. नागासाकीत लगेचच या सव्वीस जणांच्या नावाने चर्च उभे राहिले. १८६५ च्या मार्चमध्ये त्याच चर्चच्या दारी, अडीचशे वर्षे लपून धर्म पाळलेले जपानी शेतकरी येऊन उभे राहिले. वसईला तिचा पाठीराखा मिळाला तो अशा दूरच्या घडामोडींतून.

पण एकदा मिळाल्यावर वसईने त्याला सोडले नाही. गासच्या चर्चला त्याचे नाव आहे, वसईच्या महाविद्यालयाला आहे, आणि तो जिथे शिकला त्या किल्ल्यातल्या जेझुइट चर्चलाही आता लोक गोन्सालो गार्सियाचेच चर्च म्हणतात. २००८ मध्ये केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा पहिला भारतीय संत कोण, ही चर्चा निघाली. बाप पोर्तुगीज म्हणून गोन्सालो भारतीय नव्हे, असे म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: आई कुठली होती?

किल्ल्यात मी गेलो तेव्हा दुपार होती. त्या चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर एक आजी नातवाला त्याची गोष्ट सांगत होत्या. जपान त्यांनी 'तिकडं लांब' एवढ्यावर भागवले, पण त्याचे घर वसईत कुठे असेल यावर त्या बराच वेळ बोलत होत्या. रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीच्या पानावर 'पॉल मिकी आणि सोबती' असे छापलेले असते. त्या सोबत्यांत गोन्सालो येतो, नावानिशी नाही. आजींच्या गोष्टीत पॉल मिकींचे नाव एकदाही आले नाही.