एका माळेला एक रेझिस्टन्स

कर्जतजवळच्या आमच्या पळसदरीच्या डोक्यावर वीज फार लवकर आली. वळवण, लोणावळा आणि शिरवता तलावांचं पाणी खाली खोपोलीत उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीज काढली. १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२९ पासून घाटात १५०० व्होल्ट डीसीवर रेल्वेची इंजिनं धावू लागली. आमच्या घरांत दिवे लागायला फार उशीर झाला, आणि लागले तरी २००५ नंतरच्या भारनियमनात ते तासन्‌तास बंद. मुंबई त्यातून वगळलेली होती, याचा राग मला आजही येतो.

त्या वर्षांत आम्ही घरीच एलईडीचे दिवे केले. त्या हुन्नराची नोंद राहावी म्हणून हे लिहितोय.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच मिलिमीटरचे पांढरे एलईडी आणायचे. यूपीएसमधली जुनी बारा व्होल्टची बॅटरी घ्यायची, झिरो पीसीबीची, म्हणजे भोकाभोकांच्या सर्किट बोर्डाची, पट्टी कापायची. एका एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, म्हणून तीन-तीनची माळ, आणि अशा आठ माळा पॅरललमध्ये. इथवर सगळ्यांना जमायचं. दिवा मरायचा तो पुढच्या काटकसरीपायी, आठ माळांना मिळून एकच रेझिस्टन्स लावल्यामुळे.

दोन एलईडी कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्या माळेला व्होल्टेज थोडं कमी लागतं, ती जास्त करंट ओढते. जास्त करंटने ती तापते, आणि तापलेल्या एलईडीचं व्होल्टेज आणखी उतरतं, म्हणून ती अजून ओढते. शेवटी जळते. मग तिचा वाटा उरलेल्या सात माळांच्या बोकांडी बसतो. लोक मात्र चायना मालाला शिव्या घालायचे.

माझे काका कर्जतला बँकर इंजिनांवर होते, घाट चढताना गाडीला मागून रेटणाऱ्या. ‘खेकडा’ म्हणतात ते जुनं डीसी इंजिन त्यांनी पाहिलेलं. डीसी इंजिनात मोटरी आधी सिरीजमध्ये, वेग धरल्यावर पॅरललमध्ये, आणि सुरुवातीला करंटला आवर घालायला रेझिस्टन्स, हे त्यांना तोंडपाठ. माझी जळकी पट्टी पाहून ते एवढंच म्हणाले, “अरे, ज्याला त्याला आपला रेझिस्टन्स दे.”

मग लाल-लाल-तपकिरी पट्ट्यांचा, २२० ओहमचा रेझिस्टन्स प्रत्येक माळेला वेगळा. भरलेल्या बॅटरीवर, १२.७ व्होल्टला, माळेतून १४ मिलिअँपिअर. चार्जिंगला लावल्यावर व्होल्टेज १४.४ वर गेलं तरी २२. दीडशे ओहमवर तेव्हा ३२ जातात, आणि हे एलईडी वीस मिलिअँपिअरचे. पट्टी जोडून झाली की मल्टीमीटरची टोकं एकेका रेझिस्टन्सवर टेकवायची: ३.१, ३.०, ३.१ व्होल्ट. एखाद्यावर ३.७ दिसले की त्या माळेतला एलईडी बदलायचा. ही तपासणी मी कधी टाळली नाही.

२०१५ ला उजाला योजना आली, स्वस्त बल्ब मिळू लागले आणि हे काम थांबलं. पण आज दुकानातून बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणा आणि नीट निरखा. कात्रीची खूण दर तीन एलईडींनंतर असते, आणि प्रत्येक तुकड्यात त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स बसवलेला असतो.